टीव्हीची भिंत

निवडणूक पुन्हा आली आहे. भाताला लोंब्या धरल्या आहेत, दुपारचं ऊन पाठीला चटके देतं, आणि आमच्या वेवजीच्या रस्त्यावरून एक टेम्पो तेच एक गाणं वाजवत दिवसभर येरझाऱ्या घालतो. कर्ण्याचं तोंड शेताकडे आहे. शेतात बगळे आहेत. इतका शांत श्रोतृवर्ग कुठल्याही पक्षाला मिळाला नसेल. टेम्पो गेला की ते पुन्हा चिखलात चोच घालतात.

या वेळची निवडणूक राज्याची, उन्हाळ्यातली देशाची होती. मध्ये एक पावसाळा गेला. पण टेम्पोचा आवाज आला की मला अजून मोहाच्या फुलांचा वास येतो, तो गोड, थोडा आंबूस, डोक्यात चढणारा वास. त्यामागोमाग आठवतं ते उघडं दार, दाराच्या आतला निळा उजेड आणि अंगणात गोधड्यांवर बसून स्वतःच्याच घरात डोकावणारे आम्ही.

मी इथल्या शाळेत शिक्षक आहे. माझं घर घोलवडला, चिकूच्या वाडीत. शिक्षकाने शाळेच्या गावी राहावं असा नियम आहे. तो पाळणारा माणूस नियम करणाऱ्यांनाही थोडा खुळाच वाटतो. मी तो पाळला, आणि लाडक्याकाकांच्या घराची बाजूची खोली भाड्याने घेतली. काका शेती करतात, शेती नसेल तेव्हा कासा, चारोटीकडे मजुरीला जातात. जानकीकाकू घर चालवतात, आणि काकांनाही. सुरेखा त्यांची एकुलती मुलगी. पूर्वी त्यांचं घर कारवीच्या कुडाचं होतं. सरकारी योजनेतून पक्कं घर मंजूर झालं, तेव्हा कूड मोडून चुलीत घातला. विटांच्या भिंती उभ्या राहिल्या, त्यांना पोपटी रंग लागला, आणि मधल्या खोलीच्या मुख्य भिंतीवर लोखंडी चौकट ठोकून काकांनी टीव्ही चढवला. घराला शोभा आली. मग एका हिवाळ्यात जमीन हलायला लागली.

आधी आवाज यायचा. जमिनीखाली कुणी डंपरभर दगड ओतावेत तसा. मग भांडी बोलायची, मग कुत्री. मग सगळं थांबायचं, आणि हे थांबणंच जास्त भीतीचं असायचं. तलासरी, डहाणूकडच्या पाड्यापाड्यांत तो हिवाळा लोकांनी बाहेर काढला. तंबू आले. शाळेला परिपत्रक आलं की धक्का बसताच मुलांनी बाकाखाली शिरावं. आमच्या शाळेत बाकं नव्हती. मी तसं लेखी कळवलं. बाकं आली नाहीत, परिपत्रक मात्र पुन्हा आलं. घोलवडला माझ्या भावाला फोन केला की तो म्हणायचा, "आमच्याकडे पण हलतं रे. पण चिकू काही पडत नाहीत. तोडणीला माणसं लावावीच लागतात."

उन्हाळ्यापर्यंत पोपटी भिंतीवर एक तडा पडला होता. खिडकीपासून निघून तो तिरका वर चढत टीव्हीच्या चौकटीपर्यंत आला आणि तिथे थांबला, जणू पुढे काय लागलंय ते बघायला. घरात झोपायला कुणी तयार नव्हतं. माझ्या पुस्तकांची पेटीही आतच होती. जाहिराती लागल्या की मी धावत आत जायचो आणि हाताला लागेल ते पुस्तक उचलून यायचो. वाचन निवडण्याची ही पद्धत समीक्षकांपेक्षा वाईट नव्हती.

टीव्ही बाहेर आणता आला असता. पण बाहेर तार ओढायची तर वायरमन आत जाऊन काम करायला राजी होईना. मग काकांनीच तोडगा काढला. दार सताड उघडायचं, आवाज मोठा करायचा आणि अंगणातून बघायचं. असं ते घर टीव्हीच्या ताब्यात गेलं. आम्ही चटईवर, तो आत, छपराखाली, पंख्यासह. कारण पंख्याचं आणि त्याचं बटण एकच होतं, दोन्ही एकदम चालू व्हायची.

रात्री अकराला एक विनोदी कार्यक्रम लागायचा. मुंबईतला एक निवेदक डोक्यापेक्षा मोठा फेटा घालून सिंहासनावर बसायचा आणि नक्कल करणारी मंडळी पुढाऱ्यांच्या वेशात येऊन त्याला मुजरे करायची. निवडणुकीमुळे तो रोजचा झाला होता. आमचा पाडा तसा नऊला झोपणारा. पण झोप येतच नव्हती, म्हणून सगळे बघायचे. खुर्चीसाठी भांडणं, पक्ष बदलताना टोपीखाली दुसरी टोपी, भाषणात अडखळणं. नकला चांगल्या होत्या. प्रत्येक वाक्यामागून हसण्याचा आवाज यायचा, तो भरलेला, यंत्रातला. पहिल्या रात्री काकू म्हणाल्या, "आत कोण हसतंय?" मी सांगितलं, हसणारे लोक वेगळे आणून ठेवतात. त्या म्हणाल्या, "मग आमी कशाला हसायचं? काम झालेलं हाय."

मला तेव्हा वाटायचं की थट्टेने सत्ता थोडी तरी खाली येते. पुस्तकांत तसं लिहिलेलं असतं. अंगणात बसून मात्र वेगळंच दिसायचं. ज्यांची थट्टा चालली होती ते घराच्या आत होते, आणि थट्टेवर हसणारे बाहेर, प्लास्टिकच्या कागदाखाली. ते हरले, पडले, त्यांची टोपी उडाली, तरी दुसऱ्या रात्री पुन्हा आतच. एकदा निवेदक सिंहासन गदागदा हलवत म्हणाला, "घाबरू नका, हा डहाणूचा भूकंप नाही, तिकीटवाटप आहे." यंत्र खूप हसलं. मग लाडक्याकाका म्हणाले, "नाव तरी घेतलं आपलं." त्यांच्या आवाजात चक्क समाधान होतं. मला त्यांचा राग आला, आणि लगेच स्वतःचाही, कारण तेच समाधान क्षणभर मलाही झालं होतं.

या सगळ्यात सुरेखाचं लग्न अडकलं होतं.

सोयरीक हिवाळ्याआधी ठरली होती. मुलगा सीमेपलीकडचा, उंबरगावच्या बाजूचा. मुलाची आई दिवाळीबेन. नातं काकांच्याच लोकांतलं, पण बोलण्यात गुजराती मिसळलेलं. विहिणीला त्या वेवाण म्हणतात. लग्न उन्हाळ्यात, मुलीच्या दारात, असं ठरलं होतं. धक्के वाढले तसे तिकडून निरोप बदलत गेले. आधी आला, "आमच्याकडेच करू या सगळं." मग आला, "पावसानंतर बघू." पावसानंतर बघू म्हटलेली किती लग्नं पुढे झाली नाहीत, हे पाड्यात सगळ्यांना ठाऊक होतं. सुरेखा फक्त फोन चार्जिंगला लावायला आत जायची आणि तडा असलेल्या भिंतीला पाठ लावून उभी राहायची. जास्त वेळ.

लग्न तिकडे करायला काकूंची तयारी नव्हती. त्यांच्याकडे मुलीच्या घरातल्या भिंतीवर लग्नाचा चौक काढतात. भिंत शेणाने सारवायची, गेरू लावायचा आणि तांदळाच्या पिठाने सुवासिनींनी चौकोनात देवी काढायची, भोवती झाडं, घोडा, चंद्र, सूर्य. देवी भिंतीवर बसल्याशिवाय लग्न लागत नाही. "चौक नाय काढला तर पोरगी घरातून निघालीच नाय," काकू म्हणायच्या, "नुसती उचलून नेली." आणि चौकाला जागा एकच होती, मधल्या खोलीची मुख्य भिंत. तिच्यावर टीव्ही होता आणि टीव्हीपर्यंत पोचलेला तडा. "कुडाची असती तर हलली असती नुसती," त्या म्हणायच्या. "ही पक्की. म्हणून फुटली."

वेवाणीला तड्याचं कळू द्यायचं नाही असं घरात ठरलं होतं. फोनवर काकू सांगायच्या की इकडे आता काही नाही, थंड झालंय सगळं. एकदा हे सांगत असतानाच मागे भांडी वाजली. काकूंनी विचारायच्या आतच सांगून टाकलं, "मांजर."

आणि एप्रिलच्या एका दुपारी तोच कार्यक्रम आमच्या अंगणात आला. पांढरी गाडी, छत्री, कॅमेरा आणि कानात यंत्र घातलेली एक हसतमुख मुलगी. भूकंपाच्या गावातून खास भाग करायचा होता. त्यांना घेऊन आला होता उमेदवाराचा इथला माणूस. त्याला सगळे भाऊ म्हणत, आणि तोही सगळ्यांना भाऊच म्हणे. तो काकांना म्हणाला, "टीव्हीवर तडा दिसला ना, की लगेच पंचनामा. मदत घरपोच. तुम्ही फक्त बोला, लाडकूभाऊ."

काकू तेव्हा बोरिंगवर पाण्याला गेल्या होत्या. कानात यंत्र घातलेली मुलगी काकांना म्हणाली, "काका, एकदम नॅचरल. आत जायचं आणि घाबरून बाहेर यायचं."

काका म्हणाले, "आत कशाला? आमी बाहेरच हाये."

"हो, पण बाहेर येताना दिसायला हवं ना."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. काका आत गेले आणि बाहेर आले. मुलगी म्हणाली, थोडं जास्त घाबरा. ते पुन्हा गेले. तिसऱ्या वेळी उंबऱ्याला पाय अडकून खरंच पडता पडता वाचले, आणि ते सगळ्यांना फार आवडलं. महिनोन्महिने ज्या घरात सुरेखा सोडून कुणी मिनिटभर थांबायला धजत नव्हतं, त्यात काका भीती आणायला पुन्हापुन्हा जात होते.

डोक्यावर हंडा घेऊन काकू आल्या त्या नेमक्या तेव्हा. त्यांनी हंडा उतरवला, पदर खोचला आणि हळू आवाजात काकांना विचारलं, "वेवाण टीव्ही बघत नाय का?"

काका उंबऱ्यावरून बाजूला झाले.

"बाई," काकू त्या मुलीला म्हणाल्या, "घर दाखवायचं नाय. पोरीचं लग्न हाय. अंगण दाखवा, मला दाखवा, ह्या माणसाला पायजे तेवढा दाखवा. घर नाय."

मुलगी समजूतदार होती. निदान तिने मान समजूतदारपणे हलवली. "बरं मावशी. मग काहीतरी मजेचं द्या ना. पुढाऱ्यांवर एखादं गाणं?"

पुढाऱ्यांवर गाणी असतात हे काकूंना ठाऊक नव्हतं. थट्टेची गाणी त्यांना येत होती ती लग्नातली. वऱ्हाड दारात आलं की मुलीकडच्या बाया व्याह्याला गाण्यातून सोलून काढतात, त्याचे बूट, त्याची भूक, त्याचा तोरा. व्याह्याने रागवायचं नसतं. त्याच्या बाजूच्या बायांनी उत्तर द्यायचं असतं, त्याच दारात उभं राहून. उत्तर न देता जो ऐकून घेतो तो हरला. तिकडे, उंबरगावकडे, याला फटाणा म्हणतात. ज्याला गाण्यात घेतलं तो आपला झाला, अशी ही रीत. शेजारच्या बाया जमल्या. काकूंनी भाऊंकडे बघून सुरू केलं:

"व्याही आमचा मोठा गं, गाडीतून आला,
उंबरा बघून गं, घामाघूम झाला.
आत ये रं व्याह्या, पाट मांडला घरी,
व्याही म्हणे, राहू दे, बाहेरची हवा बरी."

भाऊंना खरंच घाम आला होता. ते हसले, टाळ्या वाजवल्या आणि म्हणाले, "साहेबांना फार आवडेल." तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं की आपण कुठे अडकलो आहोत. वार करावा तर समोरचा त्याचा हार करून गळ्यात घालतो. मुंबईचा तो फेटेवाला हुशार माणूस होता, वाचलेला असणार. तोही बहुधा यातच अडकला असेल, सिंहासनासकट. आमच्याकडे निदान बाहेर झोपायला अंगण होतं.

दोनेक रात्रींनी तो भाग लागला. सगळा पाडा चटयांवर. आतल्या भिंतीवर आमचंच घर दिसलं, पोपटी, त्याचं दार, आणि दारातून घाबरून बाहेर पडणारे काका. तिन्ही वेळा दाखवले, तिसऱ्या वेळी हळूहळू. यंत्र हसलं. मग तडा दाखवला, जवळून, खिडकीपासून वर. तो टीव्हीतल्या टीव्हीपाशी जाऊन थांबला. मग काकूंच्या गाण्याच्या चार ओळी आणि पुन्हा हसणं. मला एवढंच आठवतं की काका अंगणात माझ्या शेजारी बसले होते आणि तरी आत, भिंतीवर, परत परत घराबाहेर पळत होते. कितीही पळाले तरी आतच.

कुणी हसलं नाही असं नाही. दोघंतिघं हसले. काकू उठल्या आणि सुरेखाच्या गोधडीवर जाऊन बसल्या. सुरेखा म्हणाली, "आये, जाऊ दे." ती 'जाऊ दे' कशाला म्हणत होती, हे विचारायला कुणी धजलं नाही.

पुढचे काही दिवस फोन वाजला नाही. पंचनाम्यालाही कुणी आलं नाही. भाऊंचा फोन सभेत असायचा. मोह गळायचा थांबला. दुपारी इतकं निःशब्द व्हायचं की वाळलेलं पान पडलं तरी चारचौघं जमिनीकडे बघायची. तिकडे फोन करावा तर काय सांगायचं? मांजर सगळ्या देशाने बघितलं होतं.

मग एका सकाळी तलासरीकडून येणारी वडापची जीप रस्त्यावर थांबली. तीतून पाच बाया उतरल्या, नव्या लुगड्यांत. पुढे दिवाळीबेन. अंगणाच्या कडेला त्या थांबल्या. काकू हात पुसत पुढे झाल्या, बसा म्हणाल्या. दिवाळीबेन बसल्या नाहीत. म्हणाल्या, "वेवाण, पयली गाणी आमची होती. ती तुमी त्या गाडीवाल्याला गायली. आमच्या आधी त्याला व्याही केला."

काकू म्हणाल्या, "ते टीव्हीवाल्यांनी..."

"टीव्ही बघितला आमी. सगळ्या गावाने बघितला. लोक विचारतात, तुमचा फटाणा दुसऱ्याला गेला, आता तुमी काय करणार? उत्तर दिल्याशिवाय मी परत जाऊ काय?"

आणि त्यांनी तिथेच, सकाळच्या उन्हात, कमरेवर हात ठेवून आवाज लावला. मागच्या चौघींनी झेलला:

"गाणी आमची होती गं, दिली पाहुण्याला,
वेवाण आमची भुलली गं, गाडीवाल्याला.
आलो आमी उंबऱ्यात, घाम नाय आला,
पाट कुठं मांडला गं, दाखवा आम्हाला."

शेवटच्या ओळीला त्या खरोखरच चालू लागल्या. अंगण ओलांडलं, उंबरा ओलांडला आणि थेट मधल्या खोलीत. आम्ही दारात गोळा झालो. हिवाळ्यापासून त्या घरात कुणी असं सावकाश चाललं नव्हतं. काकूंनी धावत जाऊन पाट मांडला. दिवाळीबेन बसल्या, पदराने वारा घेतला आणि तडा खालपासून वरपर्यंत बघितला.

तेवढ्यात तो आवाज आला. खालून, दगड ओतल्यासारखा. फडताळातले पेले किणकिणले. काका दारातून मागे सरले, मीही सरलो. काकूंचा हात दिवाळीबेनच्या खांद्यावर गेला. दिवाळीबेन पाटावरून हलल्या नाहीत. आवाज थांबल्यावर म्हणाल्या, "बारका हाय. आमच्याकडे पण येतो."

"तुमच्याकडे?" काकूंनी विचारलं.

"आमी पण अंगणातच झोपतो, वेवाण. मागची भिंत गेली आमची. तुमाला कसं सांगायचं? पोरगी द्यायला नाय बोलला असता. म्हणून बोललो, पावसानंतर."

मग काकू हसायला लागल्या, आधी तोंडावर पदर धरून, मग पदर सोडून. दिवाळीबेनही. त्या हसण्याला मागे यंत्र नव्हतं. ते दोन्हीकडच्या बायांत पसरत अंगणापर्यंत आलं. सुरेखा दारात उभी होती. तिने डोळे पुसले आणि चहा ठेवायला चुलीकडे गेली. चूल बाहेर होती.

दिवाळीबेननी मग कामाचं विचारलं. "चौक कुठं काढणार?"

काकूंनी भिंतीकडे बोट दाखवलं.

"मग ह्याला उतरवा," टीव्हीकडे हनुवटी करून त्या म्हणाल्या. "देवी काय त्याच्या पायाशी बसणार?"

काकांनी मतदानाच्या आधीच टीव्ही उतरवला. चौकटीचे खिळे काढताना पोपटी रंगाचा पोपडा निघाला. बायांनी भिंत सारवली, गेरू लावला. चौक काढायला बसल्या तेव्हा तडा बुजवायचा का, यावर वाद झाला. काकूंनी बुजवू दिला नाही. चौकोनाची किनार तड्यापर्यंत आणली, बोट उचललं, आणि पलीकडून पुन्हा सुरू केली. लग्न लागलं. वऱ्हाड अंगणात झोपलं, यजमानही अंगणात झोपले, त्यामुळे कुणाला कुठे झोपवायचं हा लग्नघरातला मोठा प्रश्न उद्भवलाच नाही. भाऊ आशीर्वाद द्यायला आले आणि उंबऱ्याबाहेरूनच देऊन गेले.

आता पुन्हा निवडणूक आहे. भाऊ कालच येऊन गेले, निवडणूक वेगळी, भाऊ तेच. म्हणाले, साहेबांच्या सभेत मावशींनी ते गाणं म्हणायचं, साडी मिळेल. काकू सूप पाखडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "साहेबांना बोल, एक रात्र आमच्या घरात झोपा. आत. सकाळी नवीन गाणं देते." भाऊ विचारून सांगतो म्हणाले.

जमीन अजून अधूनमधून हलते. पावसात आम्ही ओट्यापर्यंत सरकलो होतो, पाऊस ओसरल्यावर पुन्हा अंगणात आलो. फेटेवाला पुन्हा रोज लागतो, असं घोलवडहून माझा भाऊ फोनवर सांगतो. इथे टीव्ही गोणपाटात गुंडाळून माझ्या पुस्तकांच्या पेटीवर ठेवला आहे. परवा काकांनी विषय काढला. म्हणाले, निवडणूक हाय, लावू या का परत भिंतीवर?

"चौक पुसायचा नसतो," काकू म्हणाल्या. "तो आपणहून जाईल तेव्हा जाईल."

काका दारातून आत बघत राहिले. गेरू फिका झालाय, पण पिठाच्या रेघा अजून पांढऱ्या आहेत. दार आम्ही अजून सताड उघडंच ठेवतो. घरात देवी राहते. आम्ही अंगणात.